रबर नवं, तरी स्टिअरिंग जड का? जुन्या ट्रकच्या कॉलमची रबरं बसवताना

जुना ट्रक उभा करताना इंजिन, चेसिस आणि पत्र्यावर महिनोन्‌महिने जातात. स्टिअरिंग कॉलमची (चाकापासून खाली स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जाणारा दांडा आणि त्याचा पाइप) रबरं मात्र शेवटच्या दिवशी घाईत बसवली जातात. चार-पाच नग, तासाभराचं काम, असा समज असतो. मग गाडी बाहेर काढली की तक्रारी सुरू होतात. स्टिअरिंग आधीपेक्षा जड लागतं, वळण संपल्यावर चाक आपसूक सरळ येत नाही, हॉर्न कधी वाजतो कधी नाही, आणि पहिल्या वळिवातच पायापाशी पाणी येतं. रबर तर कोरं असतं, एक भेग नसते. तरीही हे होतं, कारण रबराकडून नको ते काम करून घेतलेलं असतं. फट भरणं आणि हादरा गिळणं एवढंच त्याचं काम. कॉलम जागेवर बसत नसेल तर रबर तो जागेवर आणत नाही. उलट चुकीच्या मापाचं रबर सरळ बसलेला कॉलम ओढून वाकडा करतं.

हा लेख मुख्यतः आपल्या रस्त्यांवर धावलेल्या पहिल्या पिढीच्या ट्रकसाठी आहे: १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागलेले टाटा-मर्सिडीज-बेंझ, हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड, प्रीमियरचे डॉज आणि फार्गो, आणि महायुद्धानंतर डिस्पोजलमध्ये (लष्कराच्या शिल्लक मालाच्या विक्रीत) निघालेल्या शेवर्ले-फोर्ड गाड्या. या काळातल्या बहुतेक ट्रकमध्ये स्टिअरिंग बॉक्समधला वर्म (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) आणि वरच्या चाकापर्यंत जाणारा शाफ्ट एकसंध असतो. बाहेरचा पाइप बॉक्सला पकडलेला असतो, तो फिरत नाही. आत शाफ्ट फिरतो. पुढच्या काळात शाफ्टचे दोन तुकडे झाले आणि मध्ये रबर-कॅनव्हासचं कपलिंग आलं. त्याबद्दल शेवटाकडे.

एकसंध कॉलमवर खालून वर गेलं तर पहिलं रबर पायाखालच्या तिरक्या पत्र्यात लागतं, ते फ्लोअर ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी. त्याच्यावर बहुधा दोन तुकड्यांची पत्र्याची पट्टी असते. पुढे डॅशबोर्डखाली क्लॅम्प येतो आणि त्याच्या आत रबराची पट्टी किंवा बाही. वरच्या टोकाला, चाकाच्या खाली, शाफ्टला आधार देणारं बुश किंवा बेअरिंग असतं. काही गाड्यांत त्याच्या बाहेरून रबराची रिंग असते. हॉर्नच्या बटणाखाली इन्सुलेटर असतो. बॉक्सच्या खालच्या बाजूला ऑइल सील आणि ड्रॅग लिंकच्या (बॉक्सपासून पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) दोन टोकांना धूळ अडवणारी बुटं. संच म्हणून विकत घेताना यातले वरचे तीन-चार नग मिळतात, बाकीचे वेगळे शोधावे लागतात.

रबर दबत नाही, पसरतं

बाकी सगळं या एका गोष्टीवरून समजतं. घट्ट रबराचं आकारमान दाबाने जवळजवळ कमी होत नाही. भाकरीचा गोळा थापला की पातळ होतो आणि तेवढाच बाजूला पसरतो, तसंच रबराचं. पसरायला जागा असेल तर ते मऊ वागतं. चारही बाजूंनी कोंडलं तर लोखंडासारखं कडक होतं, आणि तरीही नट आवळत राहिलात तर कुठून तरी फाटून बाहेर येतं.

क्लॅम्पच्या बाहीचं उदाहरण घ्या. समजा, कॉलमच्या पाइपचा बाहेरचा व्यास ४४.५ मिमी आहे आणि क्लॅम्प पूर्ण बंद झाल्यावर त्याचं भोक ५०.५ मिमी होतं. म्हणजे भोवती ३ मिमी फट राहते. बाही ३.७५ मिमी जाड असेल तर ती साधारण २० टक्के दाबली जाईल. १५ ते २५ टक्के हा ठीक पल्ला. पण ते पसरलेलं रबर जाणार कुठे? बाही उभी कापलेली असते आणि सैल असताना त्या कापात २-३ मिमी अंतर ठेवतात ते याचसाठी. आवळल्यावर काप मिटतो. रुंदीच्या दोन्ही कडांनाही क्लॅम्पबाहेर फुगायला मोकळीक हवी. कंपनीच्या बाहीला आतून खाचा किंवा उभ्या रेघा असतील तर त्या शोभेसाठी दिलेल्या नव्हत्या, रबराला सरकायला जागा म्हणून दिल्या होत्या. नव्याने बनवलेल्या बऱ्याच नगांत या खाचा गायब असतात. जाडी तीच, रबरही तेच, पण सपाट बाही प्रत्यक्षात कितीतरी कडक लागते, आणि डॅशबोर्डचा प्रत्येक थरकाप चाकाला पोचतो. अशी बाही हाती आली तर धारदार ब्लेडला साबणाचं पाणी लावून आतून चार-सहा उथळ चिरा द्या. खोली जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

फ्लोअर ग्रोमेटलाही हाच नियम. पट्टीखाली दाबल्या जाणाऱ्या भागाची जाडी ४ मिमी असेल तर ती ३ ते ३.२ मिमीवर थांबली पाहिजे. स्क्रू हाताच्या अंदाजाने आवळला तर एका बाजूला २ मिमी आणि दुसरीकडे ४ मिमी होतं. त्यापेक्षा लेथवर ३ मिमी लांबीच्या लोखंडी कॉलर काढून घ्या आणि प्रत्येक स्क्रूवर घाला. मग स्क्रू लोखंडावर आवळला जातो, रबर ठरलेल्या जाडीवर थांबतं, आणि पुढे रबर मऊ पडलं तरी स्क्रू सैल होत नाही.

कोणतं रबर कुठे

काळं दिसतं म्हणजे सगळं एकच रबर नव्हे. नैसर्गिक रबर लवचीक आणि मजबूत असतं, पण ताणलेल्या अवस्थेत हवेतल्या ओझोनमुळे त्याला ताणाच्या आडव्या भेगा पडतात, आणि इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लागलं की ते फुगतं. ईपीडीएम या कृत्रिम रबराला ऊन, पाऊस आणि ओझोन यांचं काही वाटत नाही, पण खनिज तेलात तेही फुगतं. नायट्राइल तेलाला उत्तम टिकतं, उन्हात आणि ओझोनमध्ये मात्र लवकर तडकतं. निओप्रीन दोन्ही बाबतींत मधलं.

म्हणून फ्लोअर ग्रोमेट ईपीडीएमचं घ्यावं. इंजिनच्या बाजूने तिथे तेलाचा फवारा पोचत असेल तर निओप्रीन बरं. क्लॅम्पच्या बाहीला नैसर्गिक रबर किंवा ईपीडीएम चालतं. बुटं ग्रीसने भरलेली असतात, तिथे नायट्राइल किंवा निओप्रीन हवं. ऑइल सील नायट्राइलचं. कडकपणा शोअर ए मापावर सांगायचा (आकडा जास्त तितकं रबर कडक): ग्रोमेट ५० ते ५५, बाही ६० ते ७०. टायरचा पृष्ठभाग साधारण ६० ते ७० असतो, म्हणजे बाही नखाने दाबून तेवढी लागली पाहिजे आणि ग्रोमेट त्याहून स्पष्ट मऊ.

विकणारा ‘नायट्राइलच आहे’ म्हणाला तर पडताळा घरी घेता येतो. कडेला राहिलेला साच्याचा फुगोटा कापा, व्हर्निअरने मोजा आणि इंजिन ऑइलमध्ये दोन दिवस ठेवा. नायट्राइल जवळपास तेवढंच राहतं. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम डोळ्यांना दिसेल इतकं फुगतं आणि बुळबुळीत होतं.

एक सावधगिरी. जुन्या दुकानात खोक्यात पडून राहिलेला कंपनीचा मूळ नग मिळाला की हरखून जायला होतं. पण रबराचं वय खोक्यातही वाढतं. चाळीस-पन्नास वर्षं पडून असलेला नग दुमडून पाहा. घडीवर बारीक भेगा दिसल्या तर तो मापाला ठेवा, गाडीला लावू नका.

उद्यमनगरात बनवून घ्यायचं असेल तर

अमेरिकेतून शेवर्ले, फोर्ड, डॉजचे संच मागवता येतात, पण ते डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांसाठी बनलेले असतात. गोल बाही आणि वरचं बुश बहुधा तसंच चालतं. फ्लोअर ग्रोमेट आणि त्याची पट्टी मात्र नीट पाहून घ्या. तिरक्या पत्र्यातून कॉलम जातो म्हणून भोक लांबट असतं, आणि त्याच पट्टीत पॅडलची भोकं असतील तर आपल्या उजव्या स्टिअरिंगला ती आरशातल्यासारखी उलटी पडतात. टाटा-मर्सिडीजसाठी तर आपल्याला स्वतःच बनवून घेणं सोपं. कोल्हापुरात ते अवघड नाही: शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि डायचं (साच्याचं) काम होतं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी पट्ट्यात कारखाने आहेत.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना नग डायवाल्याच्या हातात देऊन ‘असाच कर’ म्हणणं. जुनं रबर भोकाकडे ताणून सैल झालेलं असतं आणि बाहेरून आकसलेलं. शिवाय साच्यातून निघालेलं नवं रबर थंड होताना आणखी दीड ते अडीच टक्के आकसतं. नेमका आकडा मिश्रणावर ठरतो, तो रबरवाल्यालाच विचारा. फाउंड्रीच्या गावात हे समजावायला वेळ लागत नाही. पॅटर्नमेकर ओतीव लोखंडाला साधारण १ टक्का सोडतोच, रबराला त्याहून जास्त सोडायचं एवढंच.

आकड्यांत बघा. पाइप ४४.५ मिमी. जुन्या ग्रोमेटचं भोक ताणून ४५.५ झालेलं. त्यावरून तशीच डाय काढली, रबर २ टक्के आकसलं, तर नव्या नगाचं भोक ४४.६ येईल. म्हणजे पाइपला नुसतं टेकेल, धरणार नाही. त्याऐवजी पाइप मोजा. भोक पाइपपेक्षा ३ ते ५ टक्के लहान हवं, म्हणजे इथे ४३ मिमी. त्यात आकसणं धरून डायचा मधला पिन ४३.९ मिमीचा. ५ टक्क्यांपुढे ताण नको, नाहीतर ओझोनच्या भेगा लवकर येतात. पत्र्यात अडकणाऱ्या ग्रोमेटची खाच ठरवताना पत्रा रंगासह मोजा: १.२ मिमीचा पत्रा दोन्ही बाजूंच्या रंगाने १.४ होतो, खाच १.२ ठेवली तर ओठ चांगले दाबून बसतात.

जुन्या नगावरून फक्त आकार घ्या, म्हणजे ओठ कसे आहेत, कोन किती, खाचा कुठे. माप सगळं लोखंडावरून घ्या. पाइप एकाच जागी मोजू नका. जुने पाइप क्लॅम्पखाली अंडाकृती झालेले असतात, म्हणून आडवं आणि उभं दोन्ही मोजा.

साधी लोखंडी दाबडाय पुरते. सुमारे १५० अंश सेल्सिअसला नगाच्या जाडीप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं लागतात. कच्चं काढलेलं रबर नखाने दाबल्यावर खूण ठेवतं, चांगलं शिजलेलं लगेच वर येतं. जाड भाग मधोमध कापून एक नग तपासा. आत बुडबुडे दिसले तर सगळा घाणा परत करा. खर्च मुख्यतः डायचा असतो, म्हणून एकदम पाच-सहा नग काढून घेणं शहाणपणाचं.

बसवण्याचा क्रम

बॅटरीची तार आधी काढा. स्टिअरिंग चाक काढण्यापूर्वी चाकावर आणि शाफ्टवर पंचने जुळती खूण करा. चाक पुलरनेच काढायचं. वरून हातोडा मारला तर एकसंध शाफ्टमधून तो ठोका थेट बॉक्सच्या बेअरिंगला बसतो आणि त्याच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कडीवर) खड्डे पडतात. हॉर्नची वायर ओढून काढताना तिच्या टोकाला सुतळी बांधा, म्हणजे नवी वायर त्याच वाटेने परत येते. बॉक्सच्या तळातून बारीक नळी वर येत असेल तर तिथला नट जपून सोडा. बॉक्समधलं ऑइल तोच अडवून धरतो.

लोखंड साफ करा, गंज काढा, भोकाच्या कडांची धार कानशीने मारा. नवं रबर पहिल्याच महिन्यात कापतं ते बहुतेक याच धारेमुळे. रंग ओला असताना रबर लावू नका. इनॅमल हाताला कोरडा लागला तरी आतून थिनर सोडत असतो, त्याने रबर फुगतं आणि रंगाला चिकटतं. आठवडा तरी थांबा.

घसरण म्हणून साबणाचं पातळ पाणी किंवा ग्लिसरीन वापरा. नैसर्गिक रबराला ब्रेकच्या कामातलं लाल रबर ग्रीसही चालतं, ते एरंडेल तेलाचं असतं. साधं ग्रीस, डिझेल, व्हॅसलीन नको. रंगकाम बाकी असेल तर सिलिकॉनचा स्प्रे गॅरेजात उडवू नका, रंगाला डोळे, म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात. वरच्या बेअरिंगच्या रबरी रिंगला तर फक्त साबणपाणी, तेही अगदी थोडं, आणि वाळायला रात्रभर द्या. रिंग पाइपला धरून राहायची असते; ती तेलकट राहिली तर बेअरिंगसकट फिरते आणि आठवड्यात झिजते.

आता आवळण्याचा क्रम, कारण जडपणा इथूनच येतो. एकसंध कॉलमची जागा ठरवतो चेसिसला बोल्ट केलेला बॉक्स. डॅशबोर्डचा क्लॅम्प आणि खालची पट्टी यांनी कॉलम जिथे आहे तिथे त्याला भेटायचं. म्हणून ग्रोमेट आणि पट्टी कॉलमवर सरकवा, बाही आणि क्लॅम्प सैल लावा, बॉक्सचे बोल्ट हाताने भरा. मग सगळ्यात आधी बॉक्स पूर्ण आवळा. आता डॅशबोर्डखाली बघा. बाही काढल्यावर पाइप आणि क्लॅम्पचा ब्रॅकेट यांच्यात चारही बाजूंना सारखी फट आहे का? एका बाजूला ५ मिमी आणि दुसरीकडे १ असेल तर क्लॅम्प आवळून कॉलम ओढू नका. ब्रॅकेटखाली पातळ पत्र्याचे शिम घाला किंवा त्याची भोकं थोडी लांबट करा. कॅबिनची रबरं बदलली असतील तर आख्खी कॅबिनच काही मिलिमीटर वर-खाली झालेली असते, त्यामुळे हा फरक निघतोच. क्लॅम्प आवळल्यावर सर्वात शेवटी खालची पट्टी, स्क्रू आलटून-पालटून समोरासमोरचे. ग्रोमेट कापलेलं असेल तर त्याचा काप आणि पट्टीचा सांधा एकावर एक येऊ देऊ नका, पाव फेरी फिरवा.

ओढ आहे की नाही हे हाताच्या अंदाजावर सोडू नका. ड्रॅग लिंक सुटी असतानाच चाकाच्या कडेला लटकवायचा स्प्रिंगकाटा अडकवा आणि चाक एकसारखं फिरेल इतपत ओढा. मध्यापासून एक फेरी बाजूला घेऊन मोजा, कारण अगदी मध्यावर बॉक्स मुळातच थोडा घट्ट असतो. फक्त बॉक्स आवळलेला असताना एकदा, क्लॅम्प आवळल्यावर एकदा, पट्टी लावल्यावर एकदा. ही दोन्ही रबरं न फिरणाऱ्या बाहेरच्या पाइपवर आहेत, म्हणून तिन्ही आकडे सारखेच यायला हवेत. आकडा वाढला तर ज्या पायरीला वाढला तिथेच कॉलम ओढला जातोय. लिंक सुटी असताना चाक शेवटच्या टोकाला आदळू मात्र देऊ नका, बॉक्सच्या आतले भाग दुखावतात.

ऑइल सील लावताना सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. जुन्या शाफ्टवर आधीच्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सील एक-दीड मिमी आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर येतो. बुटं लावल्यावर ग्रीस गन जपून चालवा. बूट किंचित फुगला की थांबा, नाहीतर नवं बूट उलटतं.

हॉर्न आणि कपलिंग

रबरं बदलल्यावर हॉर्न बिघडतो तो दोन प्रकारे. बटणाखालचा इन्सुलेटर पातळ असेल किंवा राहून गेला असेल तर हॉर्न सतत वाजतो. दुसरा प्रकार फसवा आहे. बऱ्याच गाड्यांत बटण दाबलं की वायर शाफ्टमार्फत अर्थ होते. आता कॉलमभोवती सगळीकडे नवं रबर आणि बॉक्सखाली जाड नवा रंग, म्हणजे अर्थची वाटच बंद. बॉक्सच्या एका बोल्टखालचा रंग खरवडून स्वच्छ लोखंड करा, किंवा कॉलमच्या पाइपवरून चेसिसला वेणीची अर्थ पट्टी टाका.

रबर-कॅनव्हासचं कपलिंग असलेल्या गाडीत तर अर्थ पट्टी लागतेच, कारण शाफ्टच्या मध्येच रबर आहे. आणि या एका नगाबाबत तडजोड नको. तो स्थानिक डायवर काढू नका, कन्व्हेयर बेल्ट किंवा टायरच्या कॅनव्हासमधून कापून तर मुळीच नको. बाकीचं रबर फाटलं तर पाणी येतं, हे फाटलं तर स्टिअरिंग जातं. त्यात कॅनव्हासचे थर ठरावीक असतात, आणि रबर तुटलं तरी चाकं वळवता यावीत म्हणून लोखंडी पिन दिलेल्या असतात. बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत आणि चकती सपाट. बशीसारखी वाकलेली असेल तर शाफ्ट आत किंवा बाहेर ओढला गेलाय. दोन बोल्टची जाडी वेगळी असते ती चुकीच्या फेरीत जोडणी होऊ नये म्हणून. भोक मोठं करून बसवू नका. नट नवे वापरा.

सगळं जोडल्यावर पुढची चाकं जॅकवर उचलून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कोणाला तरी क्लॅम्पकडे बघायला सांगा. कॉलम हलला तर बॉक्सचा बोल्ट किंवा ब्रॅकेट सैल आहे. नंतर खालून पाण्याचा पाइप मारा, कारण पाणी चाकांच्या उडण्याने खालूनच येतं. कॅबिनमध्ये ग्रोमेटभोवती कोरडा कागद ठेवला की गळती नेमकी कळते.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर क्लॅम्पचे नट पुन्हा तपासा. नवं रबर दाबाखाली सुरुवातीला जरा बसतंच. गगनबावड्याकडच्या घाटात नेण्याआधी हे झालेलं असावं. उरलेले नग टाल्कम पावडर लावून, न दुमडता, जाड पिशवीत बंद करून अंधारात ठेवा. वेल्डिंग मशीन आणि मोटरजवळ नको, तिथे ओझोन तयार होतो. पिशवीवर रबराचा प्रकार, कडकपणा आणि बनवल्याचा महिना लिहा, आणि डायच्या मापांचा कागद त्याच पिशवीत टाका.